राळ, काच आणि अठराशे रुपये

गेल्या मे महिन्यात तीन आठवडे माझ्या हातांना राळेचा वास येत होता. साबण झाला, लिंबू झाले, डाळीचे पीठ झाले. शेवटी ‘काय वाटेल ते करा, पण हे हात घेऊन पानावर बसू नका’ अशी निर्वाणीची भाषा हिने केली. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, माझा धंदा शब्दांचा. राळ हा शब्द मी गेली वीस वर्षे वर्गात बिनदिक्कत वापरीत आलो आहे. टीकेची राळ उठते ती कशी, हेही मुलांना खुलवून सांगितले आहे. परंतु राळ डब्यात असताना कशी दिसते, ती केव्हा पातळ असते, केव्हा दगड होते आणि मधल्या दहा मिनिटांत माणसाची कशी त्रेधा उडवते, हे कळायला सत्तेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले.

हकीकत आमच्या घरच्या होडीची आहे. आमचे घर मालवण तालुक्यात देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि माणसे, असे ते गाव. वडील मासेमारी करीत. मी धाकटा, म्हणून शिकलो. दादा थोरला, म्हणून समुद्रावर गेला. आमच्या दोघांच्या आयुष्याची फाळणी इतक्या सोप्या हिशेबाने झाली आणि तिच्याबद्दल दादाने कधी ब्र काढला नाही. मुंबईत आल्यावर मी मात्र त्यावर दोनतीन लघुनिबंध लिहिले.

वडिलांची पहिली होडी लाकडाची होती. तिची सांधेजोड कापूस आणि चंद्रस घालून करावी लागे, दरवर्षी तेल पाजावे लागे, आणि ते तेल बहुधा माशाचेच असल्यामुळे पावसाळ्यात घरात शिरलेला पाहुणा फार वेळ बसत नसे. १९९९ साली वडिलांनी कर्ज काढून अठ्ठावीस फुटी फायबरची होडी घेतली. त्याच वर्षी मी एम. ए.ला बसलो, माझी फी आणि होडीचा हप्ता हे दोन्ही एकाच कनवटीतून जात होते. गावातल्या जुन्या मंडळींनी तिला ‘प्लास्टिकचो डबो’ असे नाव ठेवले. वडील हसत आणि म्हणत, डबा तर डबा, हा कुजणार तर नाही.

ते अर्धेच खरे होते, हे समजायला पंचवीस वर्षे गेली.

फायबर फायबर म्हणतात ते असते तरी काय, असा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. पूर्वी कोकणात मातीची भिंत घालताना चिखलात भाताचा पेंढा तुडवीत असत. नुसता चिखल तडकतो, नुसता पेंढा उडून जातो. दोन्ही एकत्र आले की भिंत उभी राहते. इथे पेंढ्याच्या जागी काचेचे बारीक तंतू आणि चिखलाच्या जागी कृत्रिम राळ, एवढाच फरक. १९४२ साली अमेरिकेत ओहायो राज्यात रे ग्रीन या गृहस्थांनी काच आणि पॉलिएस्टर राळ यांची लहानशी शिडाची होडी केली. तिथून हे प्रकरण जगभर पसरले. आमच्या किनाऱ्यावर ते आता इतके रुळले आहे की, ‘फायबर’ म्हटले की लोक धाग्याचा नव्हे, होडीचाच विचार करतात.

काच कुजत नाही आणि ती राळही कुजत नाही. परंतु होडीच्या पाठीवर जिथे मशीन टांगतात, ती मागची आडवी भिंत नुसत्या काचेची नसते. चाळीसएक किलोचे मशीन तिथे लटकणार, लाटेवर हिसके देणार, पंखा पाणी कापीत सगळी होडी तिथूनच ढकलणार; म्हणून दोन्ही बाजूंना फायबर आणि पोटात प्लायवुड असे ते सँडविच करतात. होडीवाले तिला ट्रान्सम म्हणतात. मशीनच्या बोल्टांसाठी त्या भिंतीला आरपार भोके पाडावी लागतात. भोकातून पाणी आत गेले की मग बाहेर यायला वाट नाही. बाहेरून होडी नवरीसारखी दिसते, आत लाकडाचा लगदा होत असतो.

गेल्या मार्चअखेर पुतण्या चौघांना घेऊन पहाटे गेला होता. परतताना मशीन विचित्र हलू लागले. त्याने मागे पाहिले, तर मशीनबरोबर भिंतही हलत होती. पोरगा शहाणा, त्याने मशीन बंद केले, दोरीने बांधून घेतले आणि दुसऱ्या होडीला हाक मारून ओढत घरी आला. मशीन त्या भिंतीसकट खाली गेले असते, तर मागून पाणी आत यायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब कोणी मोठ्याने केला नाही. दादाने मला फोनवर एवढेच सांगितले, “पोरगो परत इलो, हेच खूप. आता इकून टाकूया ती.”

पुतण्याला ते मान्य नव्हते. नवी होडी घ्यायची म्हणजे पुन्हा कर्ज; जुनी विकायची म्हणजे भंगाराचा भाव. शिवाय दुखणे लपवून विकली, तर दुसऱ्याच कुणाची तरी पोरे तिच्यातून जाणार, हा मुद्दा वहिनीने काढला आणि विक्रीची गोष्ट तिथेच थांबली. दुरुस्ती करायची ठरली. पैसे मी द्यायचे आणि अर्थातच अक्कलही मीच पाजळायची, असे मी मनाशी धरून एप्रिलमध्ये पेपर तपासून संपताच देवबाग गाठले.

गावचे फायबरचे काम करणारे मिस्त्री आले. त्यांनी खिशातून लहानशी हातोडी काढली आणि होडीच्या अंगावर ठिकठिकाणी टिचक्या मारू लागले. कुशीवर ‘टण्ण’, नाळेपाशी ‘टण्ण’, मागे आल्यावर ‘भद्द’. पावसाळ्यातल्या फणसाला वाजवून पाहावे तसा तो आवाज. मग यंत्राने आतल्या बाजूचा फायबरचा पापुद्रा कापून काढला. बाहेरचा तसाच ठेवला, कारण होडीचा आकार तोच धरून ठेवतो. पापुद्रा निघाला आणि आतून काळे पाणी ओघळले. पाठोपाठ काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा. मिस्त्रींनी तो मुठीत घेऊन पिळला आणि विचारले, “ह्या प्लाय कोणी हाडल्यान?”

दादा पटकन म्हणाला, “बाजारातसून.”

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. हा प्लाय १९९९ सालचा नव्हता. २०१२ साली ही भिंत एकदा बदलली होती. वडील तेव्हा नव्हते. दादाने मुंबईला फोन करून विचारले होते की, मरीन प्लाय घालू की साधा घालू. मरीनला अठराशे रुपये जास्त पडतात. मी म्हणालो होतो, वरून फायबर चढवणारच आहात, मग आतला कसा का असेना, साधा घाला. त्याच आठवड्यात मी एका जुन्या शब्दकोशाची चांगली बांधलेली प्रत दोन हजारांना घेतली होती. तो कोश अजून कपाटात आहे, सुस्थितीत आहे.

रात्री ओटीवर मी दादाला म्हटले, तो साधा प्लाय मीच घालायला सांगितला होता. तो विडी विझवीत म्हणाला, “तू सांगलंस, मी हाडलंय. अर्धा तुजा, अर्धा माजा.” आणि झोपायला गेला. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

आता दुसऱ्यांदा चूक करायची नव्हती, म्हणून सर्वांत भारी तेच आणायचे असा मी निश्चय केला. हा निश्चयही त्या अठराशे रुपयांइतकाच अडाणीपणाचा होता, हे पुढे कळले. पुतण्याने मोबाईलवर परदेशी लोकांचे होड्या दुरुस्त करतानाचे तासन् तास चित्रपट पाहिले होते. त्याचे म्हणणे, लाकूड मुळीच नको. फोम घाला, तो कुजत नाही. राळ सगळीकडे इपॉक्सी वापरा. जमल्यास कार्बन फायबर. मिस्त्रींचे म्हणणे, तीस वर्षे आपण जीपी रेझिन, मॅट आणि प्लाय हेच वापरतो, होड्या चालताहेत. दादाचे म्हणणे काहीच नव्हते. तो माडाला टेकून बसला होता.

मी मुंबईला परतलो आणि रसायनांच्या एका दुकानात शिरलो. तिथल्या वयस्कर शेठजींना मी सांगितले की, तुमच्याकडचे सर्वांत मजबूत रेझिन द्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ते देतो. पण कशाला चिकटवायचं आहे? जुनं काय आहे?”

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. नवे काय आणावे याचाच मी विचार करीत होतो. ज्याच्याशी त्याला जन्म काढायचा, त्याची चौकशीच केली नव्हती. मुलीचे स्थळ पाहताना आपण इतके निष्काळजी नसतो.

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत; परीक्षेच्या पर्यवेक्षणात आमची मैत्री झाली. त्यांनी मला स्टाफरूममध्ये दोन चहांच्या अवधीत सगळे समजावले. नवी होडी बनवताना पॉलिएस्टरचा एक थर पुरता वाळण्याआधी दुसरा देतात. दोन्ही थर एकमेकांत मिसळून एकजीव होतात. ओल्या गिलाव्यावर ओला गिलावा, तसे. परंतु पंचवीस वर्षांचे पॉलिएस्टर म्हणजे वाळून खडक झालेली भिंत. तिच्यावर नवे पॉलिएस्टर लावले, तर ते एकजीव होत नाही. खरडलेल्या चरांत पकड धरून बसते, इतकेच. किरकोळ जागी तेवढे पुरते. जिथे हिसका बसतो, तिथे नाही. इपॉक्सी ही मुळातच चिकटणारी राळ. ती जुन्या फायबरलाही धरते आणि लाकडालाही धरते.

“मग सगळीकडे इपॉक्सीच वापरू या की!” मी म्हणालो.

“वापरा. पण मग तुमच्या मिस्त्रींची मॅट चालायची नाही,” ते म्हणाले. मॅट म्हणजे काचेचे दोनदोन इंचांचे तुकडे चटईसारखे पसरून एका बंधकाने धरलेले असतात. तो बंधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, तेव्हा मॅट मऊ होऊन कोपऱ्याकोपऱ्यांत बसते. इपॉक्सीत स्टायरीनच नाही. मॅट ताठच्या ताठ राहते. इपॉक्सीला शिवलेले कापड लागते; त्यात काचेचे धागे तिरपे, एकमेकांना छेद देऊन बसवलेले असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर लावले तर त्याचा भरवसा नाही. खालच्या हार्डनरच्या अंशामुळे ते नीट वाळतच नाही. होडीच्या अंगावरचा जो चकचकीत जेलकोट असतो, तोही पॉलिएस्टरच. म्हणून इपॉक्सी लावलेल्या जागी जेलकोट नको, दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. मी हे सगळे उत्तरपत्रिकेच्या पुरवणीवर टिपून घेतले. त्या पुरवणीला शून्य गुण पडलेले होते. ती सत्कारणी लागली.

आतल्या पोटासाठी फोमचा विचार मी दोन दिवस केला. फोम कुजत नाही हे खरेच. पण साधा फोम बोल्ट आवळला की दबतो, म्हणजे मशीनच्या जागी जड, घट्ट जातीचाच हवा. तो मागवायचा कुठून, आणि मिस्त्रींनी कधी न हाताळलेला माल त्यांच्या हातात देऊन पोरांना समुद्रावर पाठवायचे कसे? बाल्सा नावाचे दक्षिण अमेरिकेतले अतिहलके लाकूडही या कामी वापरतात. १९४७ साली हेयरडाल आणि त्यांचे सोबती ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून प्रशांत महासागरात गेले, तो तराफा याच लाकडाचा. मला ते फार काव्यमय वाटले. पण पाणी शिरले की बाल्साही कुजतेच, आणि कुजण्यासाठी इक्वेडोरहून लाकूड आणण्यापेक्षा मालवणच्या बाजारात मिळते ते बरे.

तेव्हा प्लायच ठरला. मात्र या खेपेस मरीन, आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का पाहून घेतलेला. या प्लायचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, अशी परीक्षा असते. दुकानदार हे फार अभिमानाने सांगतात. वाचकहो, तुमच्या स्वयंपाकघराची कपाटे करायची असतील तेव्हाही हे ध्यानात ठेवा: टिकतो तो डिंक. लाकूड शेवटी लाकूडच. पाणी आत राहिले तर मरीन प्लायही कुजतो, फक्त त्याच्या घड्या सुटत नाहीत. म्हणजे २०१२ साली मी अठराशे रुपये दिले असते, तरी बोल्टांच्या भोकांकडे कोणी पाहिले नसते, तर हा दिवस थोडा उशिरा का होईना आलाच असता. या विचाराने मला क्षणभर बरे वाटले, आणि बरे वाटल्याची पुढचा क्षणभर लाज वाटली.

दुसरी अडचण काळाची. आमच्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. होडी मोकळी असते ती नेमकी त्या दिवसांत. आणि राळेला पावसाळी दमट हवेइतके वावडे दुसऱ्या कशाचे नाही. म्हणून काम मे महिन्यातच उरकायचे होते; म्हणजे कमाईचे उरलेले दिवस गेले ते गेलेच. शिवाय ओले फायबर वाळल्याशिवाय त्यावर काही चढवता येत नाही. लगदा काढल्यावर भिंत उघडी ठेवून वर ताडपत्रीचे छप्पर घातले. वाळली की नाही हे पाहण्याची युक्ती प्राध्यापकांनी सांगितली होती: रात्री प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचा, सकाळी आतून दव धरले असेल, तर पाणी अजून आहे.

हे काम कोणी कुणाला सांगितले नव्हते. पण रोज पहाटे, मी उठायच्या आधी, दादा होडीपाशी जाऊन तो तुकडा उचलून पाहून येई. येऊन चुलीपाशी बसे आणि वहिनीला नुसते ‘नाय’ म्हणे. अठरा दिवस तो ‘नाय’ म्हणत होता. मधे पाच दिवस मी मुंबईत निकालाच्या कामाला होतो, तेव्हाही वहिनीचा फोन येई: आज नाय. एकोणिसाव्या दिवशी तो काही बोललाच नाही. हातात तो प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत होता. होडी विकून टाकूया असे म्हणणारा माणूस तो हाच.

मग तीन दिवस जे काम चालले त्यात मी मुख्यत्वे अडगळ होतो. प्रथम जुने फायबर कडेने घासून उतरते करायचे. पापुद्रा जितका जाड, त्याच्या बारापट रुंद उतार. पाच मिलिमीटरला सहा सेंटिमीटर. घासताना काचेची धूळ उडते. मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून बसले होते. मी मुंबईहून आणलेले मास्क वाटले तेव्हा ते हसले, पण त्यांनी लावला. ती धूळ अंगाला लागली की खाजकुयलीची आठवण होते. माझे ते कपडे हिने वेगळ्या बादलीत धुतले आणि बादलीही वेगळी ठेवली.

अठरा मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना आणि बाहेरच्या पापुद्र्याला इपॉक्सीने चिकटवले, सगळ्या कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले, वरून शिवलेले कापड चढवले. मिस्त्रींना इपॉक्सी नवीन नव्हती, पण आवडत नव्हती. पॉलिएस्टरला हार्डनर उन्हाप्रमाणे कमीजास्त करता येतो. शेकडा एक, दीड, दोन. त्यांच्या हाताला ते सवयीचे. इपॉक्सीत तशी मुभा नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिले असेल तेच, आणि तेही तराजूवर. जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, कायमचे मऊ मात्र राहते. तेव्हा वहिनीचा स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या ताब्यात आला आणि मला एक मानाचे पद मिळाले.

तो मान दुपारपर्यंतच टिकला. नाळेजवळच्या तडा आणि आतली तक्तपोशी यांचे काम पॉलिएस्टरनेच करायचे ठरले होते. तिथे हिसका नाही, आणि सगळीकडे इपॉक्सी म्हणजे तिप्पट-चौपट खर्च. फक्त साध्या जीपीऐवजी पाण्याला अधिक टिकणारे आयसो रेझिन आणले होते. मिस्त्री जेवायला गेले असता मी कामाला गती यावी म्हणून एकदम बादलीभर रेझिन कालवून ठेवले. मे महिन्याचे ऊन, दुपारी दोनची वेळ. पाच मिनिटांत बादली गरम झाली. सातव्या मिनिटाला धूर निघू लागला. मी ती हातात धरून ‘अहो, अहो’ करीत उभा. मिस्त्री पानावरून उठून धावत आले, “सर, टाका ती! वाळवेत टाका!” म्हणून ओरडले, आणि शेवटी त्यांनीच ती हिसकावून भिरकावली. वाळूत तिचा तडकलेला, पिवळा दगड झाला. पोरांनी त्याला ‘काकांचो पुतळो’ असे नाव दिले आहे. तो अजून तिथेच पडला आहे.

या निमित्ताने मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती गच्चीला फायबर करून घेणाऱ्या शहरी वाचकांनीही ऐकावी. पॉलिएस्टरला दोन औषधे लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ती रेझिनमध्ये एकापाठोपाठ एक घालायची असतात. सरळ एकमेकांत कधीही ओतायची नाहीत. ओतली तर भडका. डबे त्यांनी ओटीच्या दोन टोकांना ठेवले होते, आणि मधे वहिनी बसली होती.

रेझिन जास्त तर मजबुती जास्त, अशीही माझी समजूत होती. तीही उलटी निघाली. ताकद काचेत असते; रेझिन फक्त तिला धरून ठेवते. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन-अडीचपट रेझिन लागते, कापडाला जवळजवळ बरोबरीचे. त्यापेक्षा जास्त झाले की वजन वाढते आणि ठिसूळपणा येतो. मिस्त्री रोलर फिरवून जास्तीचे रेझिन पिळून काढत होते. पाल्हाळ काढून टाकणारा असा एक संपादक मला तरुणपणी मिळाला असता तर बरे झाले असते.

शेवटी बोल्टांची पाळी आली, आणि इथे पुतण्या फसता फसता वाचला. बाजारातून तो स्टीलचे बोल्ट घेऊन आला. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवले होते, चिकटत नाही म्हणजे अस्सल. परंतु स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ या दोन्ही जातींना चुंबक चिकटत नाही म्हटले तरी चालेल. खाऱ्या पाण्याला टिकते ती ३१६. तिच्यात मॉलिब्डेनम असते. ओळखायचे ते बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणेवरून: ए२ म्हणजे ३०४, ए४ म्हणजे ३१६. त्याने आणलेल्यांवर ए२ होते. तो सायकलवर टांग टाकून परत गेला.

आणि भोके. मिस्त्रींनी ती हव्या त्या मापापेक्षा मोठी पाडली, घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरली, आणि ती वाळल्यावर त्या भरावातून नेमक्या मापाची भोके पुन्हा पाडली. आता बोल्टाशेजारून पाणी आले, तरी त्याची गाठ इपॉक्सीशी. लाकडापर्यंत वाट नाही. याला लागला एक वाटीभर माल आणि एक जास्तीचा दिवस. त्या दिवशी आम्ही सगळे जण नुसते बसून होतो. २०१२ साली हा एक दिवस कोणी दिला असता, तर साध्या प्लायनेही पुष्कळ वर्षे काढली असती, असे मिस्त्री सहज बोलून गेले. दादाने माझ्याकडे पाहिले नाही. मी त्याच्याकडे पाहिले.

जूनच्या पहिल्या पावसाआधी रंगाचा शेवटचा हात झाला. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली तेव्हा मी मुंबईत होतो. प्रवेशाचे दिवस, रजा मिळाली नाही. पुतण्याने फोनवर मशीनचा आवाज ऐकवला. मला त्यातले काय कळणार? मी म्हटले, छान. मग दादाने फोन घेतला. म्हणाला, “परतीक मी मागेच बसललंय. हात लावन.”

गणपतीत गेलो तेव्हा पुतण्याने नवा विषय काढला: भिंत आता इतकी पक्की झाली आहे, तर मशीन थोडे मोठे घेतले तर? दादा आणि मी, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, एका सुरात ‘नाही’ म्हणालो. तो विषय मिटलेला नाही. तो पुन्हा निघेल, कारण वहिनी त्याच्या बाजूची आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मी देवबागला असेन. हिने फराळाचे डबे भरून ठेवले आहेत. चकलीच्या डब्याखाली, कपड्यांच्या घडीत, मी एक लहानशी हातोडी ठेवली आहे. ती अजून तिच्या दृष्टीस पडलेली नाही.